किल्लारीची चौपाटी

महाराष्ट्राला 720 किलोमीटरचा किनारा मिळूनही त्यातला वीतभर तुकडा लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या वाट्याला येऊ नये, ही चूक आता दुरुस्त व्हायलाच हवी. समुद्र नाही, हा आक्षेप किरकोळ आहे. पर्यटकाला हवा असतो सूर्यास्त, आणि तो इथे सोयाबीनच्या धसकटांमागे, एकही झाड आड न येता, पुरेपूर दिसतो. पुळणीचं म्हणाल तर दुष्काळी वर्षी माकणीच्या निम्न तेरणा धरणाचा भेगाळलेला तळ तयारच असतो. राहता राहिली गर्दी. गणपतीपुळ्याला ती आवरत नाही. लातूरने मात्र 2016 मध्ये पाणवठ्यांभोवती कलम 144 लावून पाचपेक्षा जास्त माणसं जमणारच नाहीत, अशी चोख व्यवस्था करून दाखवली. असा निवांत किनारा गोव्यालाही जमलेला नाही.

कुणी म्हणेल, पाणी कुठून आणणार? त्याच वर्षी मिरजेहून लातूरला पाणी रेल्वेने आलं होतं. 342 किलोमीटर रुळांवरून येणारी लाट जुहूने कधी पाहिली आहे? शिवाय कोकणातून समुद्रात जाणारं पाणी मराठवाड्यात वळवण्याच्या घोषणेला निवडणुकीआधी भरती येते आणि मतमोजणीनंतर ओहोटी लागते. एवढं नेमकं वेळापत्रक रत्नागिरीलाही लाभलेलं नाही.

तेव्हा शासनाने चौपाटी तातडीने मंजूर करावी. फक्त ‘पाणी खारं आहे’ असा फलक ठळक अक्षरांत आधी लावावा. नाहीतर मंत्रिमहोदय फीत कापायला पोहोचेपर्यंत नंबर टाकलेल्या घागरींची रांग मंडपाबाहेर गेलेली असेल.