खिडकीची खोली

पडदेवाल्या मुलानं टेप चौकटीत आडवा धरला, एक डोळा मिटून आकडा वाचला आणि वाईट बातमी सांगण्याआधी डॉक्टर फाइल मिटतात तसा तो टेप खटकन मिटला. "काका, डेप्थच नाहीये." हिनं विचारलं, "म्हणजे?" मुलगा गुणी होता. त्यानं क्षणभर छताकडे पाहून मराठी शब्द शोधला. "खोली हो, काकू. तुमच्या खिडकीला खोली नाही." खोलीला खिडकी नसल्याची तक्रार मी लॉजवर उतरलेल्या पाहुण्यांकडून पुष्कळ वेळा ऐकली आहे, खिडकीला खोली नसल्याचं दुःख आमच्याच वाट्याला आलं. अडतीस मिलिमीटर. तो पुढच्या खिडकीकडे वळल्यावर मी हळूच चौकटीत बोटं लावून पाहिली. तर्जनी मावली, मधलं बोट मावलं, अनामिकेनं बाहेरच उभं राहायचं ठरवलं. "अहो, घर घेताना बघितलं नाहीत का?" असं ही म्हणाली. घर घेताना आम्ही नळाला पाणी किती वेळ येतं ते पाहिलं, लिफ्टला बॅकअप आहे का ते पाहिलं, स्वयंपाकघरात तोंड कुठल्या दिशेला येतं तेही पाहिलं. खिडकी उघडते का, हेही पाहिलं. ती किती खोल आहे असं विचारायला ती काय विहीर होती?

मग नमुन्यांची जाडजूड पुस्तकं उघडली गेली. लाकडी पट्ट्यांच्या व्हेनेशियन ब्लाइंडवर माझा पहिल्यापासून डोळा होता; दुपारचं ऊन त्यातून वहीच्या रेघांसारखं पडतं. पण पन्नास मिलिमीटरची ती पट्टी उजेडासाठी आडवी केली की चौकटीबाहेर येणार, इन केलेल्या शर्टातूनही पुढे येणाऱ्या पोटासारखी. व्हर्टिकलची पट्टी तर जवळजवळ चार इंची. तिला आत वळायला जागा नाही, आणि ती लावली की घरात बँकेची शाखा उघडल्यासारखं वाटतं, हे हिचं मत. रोमन वर ओढला की त्याच्या घड्या माळ्यावरच्या रजयांसारख्या एकीवर एक चढतात. रोलरचं नळकांडं बारीक असतं, पण कापड जितकं लांब तितकी गुंडाळी जाड. "बसेल, पण अंग चोरून बसेल," मुलगा म्हणाला. त्यापेक्षा आउटसाइड फिटिंग करा, म्हणजे चौकटीत नाही, सरळ भिंतीवर. आलेल्या पाहुण्याला आत न बोलावता ओटीवरच बसवावं, तसं ते मला वाटलं.

खरं तर यात खिडकीचा दोष नाही. आमची इमारत ॲल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून उभी केलेली आहे. भिंत सहा इंची. तिच्यात तीन रुळांची सरकती खिडकी: दोन रूळ काचांचे, एक डासांच्या जाळीचा. तिघं मिळून चारएक इंच बळकावून बसतात, आणि उरतं ते आमचं, लोकलमधल्या चौथ्या सीटसारखं.

सदाशिव पेठेतला आजोळचा वाडा पानशेतच्या पुरातून, १९६१ च्या त्या १२ जुलैला, उंचावर असल्यामुळे वाचला होता. पुढे बिल्डरातून वाचला नाही. त्याच्या भिंती दोन फूट जाड होत्या, विटा आणि पांढरी माती, आणि त्या जाडीत कोनाडे, देवळ्या, खुंट्या असा सगळा संसार मुरलेला असे. माजघराच्या खिडकीत मी मांडी घालून बसत असे. पाठ एका बाजूला, गुडघे दुसऱ्या बाजूला, समोर उभे गज, आणि माझ्यामागे स्प्रिंगवर ओवलेला, धुऊन धुऊन रंग विसरलेला पडदा. त्या खिडकीचं माप कुणी कधी घेतलं नाही. तिच्यात काय मावतं ते मात्र सगळ्यांना माहीत होतं: लोणच्याच्या दोन बरण्या, किंवा एक मांजर आणि तिची पिल्लं, किंवा मी. पाढे म्हणायची वेळ झाली की मी तिथे नाहीसा होई. आजी घरभर मोठ्यांदा विचारत फिरे, "हा मुलगा गेला तरी कुठे?" आणि विचारता विचारताच पडद्याखालून गूळ-शेंगदाण्यांची वाटी आत सरकवे. आपण सापडलेलो आहोत हे मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

गोव्यातल्या जुन्या घरांना तर पडद्याची गरजच पडत नसे. लाकडी चौकटीत शिंपल्यांची पातळ, दुधाळ तावदानं बसवलेली. उजेड आत येतो, शेजारीण येत नाही. फ्रेंच लोक पट्ट्यापट्ट्यांच्या झडपेला जो शब्द वापरतात तोच मत्सरालाही वापरतात. समोरच्या इमारतीतले आजोबा आणि मी यांच्यात मात्र ना शिंपले होते ना मत्सर. होती ती तीन महिने चिकटपट्टीनं लावलेली वर्तमानपत्रं. माझ्या खिडकीवर अर्थविषयक पुरवणी, त्यांच्या खिडकीवर राशिभविष्य. सकाळी एक कोपरा सुटला की आम्ही एकमेकांना बनियनमध्ये पाहायचो आणि लगेच दोघंही आकाशाकडे, पाऊस येतोय का ते बघायला लागायचो. मे महिन्यातसुद्धा.

शेवटी साधे सुती पडदे ठरले, जमिनीपर्यंत. "धूळ बसते, काका," मुलानं बजावलं. बसू दे म्हटलं, तिला तरी जागा मिळेल. पण ब्रॅकेट लावताना ड्रिलचं टोक आत सळईला अडलं. मुलानं दोनदा जोर लावला, घाम पुसला आणि भोक तीन इंच वर घेतलं. पडदे आधीच शिवून आलेले. टांगल्यावर ते जमिनीपासून असे वर राहिले की जणू पूर येणार म्हणून त्यांनी विजारी वर खोचल्या आहेत. ही दोन दिवस त्यांच्याकडे पाहून उसासे टाकत होती. दुकानदारानं फोनवर धीर दिला: खाली चार इंचांची दुमड आहे, उसवून देतो, शनिवारी मुलगा पाठवतो.

शुक्रवारी नात आली. चार वर्षांची आहे. जेवायला बसा म्हटल्याबरोबर नाहीशी झाली. दिवाणखान्यात आलो तर पडदा एका जागी किंचित फुगलेला, श्वास घेत असलेला, आणि त्याच्याखाली दहा बोटं, एकावर लाल नेलपॉलिशचा उरलेला ठिपका. मी सोफ्याखाली पाहिलं. फ्रिज उघडून कोथिंबिरीच्या डब्यात पाहिलं. वर्तमानपत्र झटकलं. "कुठे गेली बाई ही मुलगी?" म्हणत स्वयंपाकघरात गेलो, वाटी घेऊन परत आलो आणि वाकून ती पडद्याखालून आत सरकवली. गुडघा कुरकुरला. आत जरा वेळ शांतता, मग शेंगदाणे चावल्याचा आवाज.

शनिवारी दुकानातून फोन आला, पडदे काढून ठेवलेत का. राहू देत म्हटलं.

"आखूड नाही का दिसत?"

"दिसतं की," मी म्हटलं. "सगळं दिसतं."