निवेपर्यंत

निवृत्त माणसाकडे रिकामा वेळ असला आणि घरात प्लायवूडचा तुकडा पडलेला असला, की बायकोनं इस्त्री लपवून ठेवावी. आमच्या घरी हे शहाणपण उशिरा सुचलं.

१९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्यामागे लहानमोठ्या वर्कशॉपची रांग लागली. अशाच एका शॉपमध्ये मी उमेदीची वर्षं मायक्रोमीटर फिरवण्यात घालवली. मायक्रोमीटरवाल्याला सुतारकाम म्हणजे पोरखेळ वाटतो. सुतारांची मापं सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आम्ही एवढ्या फरकात अख्खा लॉट रिजेक्ट केला असता!

त्याच तोऱ्यात नातीसाठी टेबल केलं. वरून झकास, पण कडेला प्लायचे थर उघडे. नात म्हणाली, "आजोबा, टेबलाला खारी लावलीय का?"

मग सागवानी व्हिनियरची पट्टी आणली. तिच्या मागं गोंद आधीच लावलेला असतो, इस्त्रीच्या उष्णतेनं तो वितळतो. प्लाय १९ मिलिमीटरचा, पट्टी २२ची. दोन्ही बाजूंची जास्तीची किनार मागाहून छाटायची. कागदावर सगळं सोपं.

"अहो, तीच इस्त्री मला साडीवर फिरवायचीय," आतून आवाज आला. "पैठणीला गोंद लागला ना, तर तुम्हालाच चिकटवीन."

मी घाईघाईनं इस्त्री फिरवली. पट्टी तळलेल्या पापडासारखी फुगली. मग जास्त तापवून एका जागी धरली, तर कोपरा काळा पडला. मधेच पट्टी हातानं दाबायला गेलो आणि बोटं पोळली. घरभर जळक्या लाकडाचा वास सुटला.

शेजारी किचनच्या ट्रॉल्या बसवायला आलेला सुतार वास घेतच दारात आला. त्यानं इस्त्रीचा काटा मध्यावर आणला, वाफ बंद केली, पट्टीवर साधा कागद ठेवला. एका हातानं इस्त्री सावकाश पुढं, दुसऱ्या हातानं तिच्यामागोमाग लाकडाचा ठोकळा घासत, दाबत. "काका, गरम केल्यानं चिकटत नाही," तो म्हणाला, "निवताना दाबावं लागतं."

खरंच की. उष्णतेनं गोंद नुसता पातळ होतो. धरतो तो निवताना. किनार छाटतानाही त्यानं कानस नेहमी पट्टीकडून प्लायकडे चालवली. उलटी चालवली तर पट्टी उचकटते. शेवटी पॉलिश पेपरचा हलका हात. कड अशी बसली, की खारीचा मागमूस नाही.

रात्री पडल्या पडल्या आठवलं, तापवण्यात मी आयुष्यभर पटाईत होतो. शॉपमध्ये हेल्परवर, घरी मुलावर. तापवून झालं की शिफ्ट संपल्यासारखा निघून जायचो. मागून ठोकळा धरून कोण उभं असायचं, ते मला माहीत आहे. चहाचा कप पुढं करत दोन्ही बाजू निवेपर्यंत धरून ठेवणारी ती, आत पैठणीची घडी घालत होती.

टेबलाचा काळा कोपरा भिंतीकडे केलाय. पैठणी सुखरूप आहे. इस्त्री मात्र आता कपाटाच्या वरच्या कप्प्यात असते, आणि स्टूल कुठं आहे, ते मला सांगत नाहीत.