गुणगौरवाच्या आश्रयदात्यांस अनावृत पत्र

परळ, लालबाग, दादर आणि गिरगाव या मुलखातील यच्चयावत गुणगौरव समारंभांचे आश्रयदाते, स्वागताध्यक्ष, निमंत्रक आणि फलकावर ज्यांची ज्यांची छबी मावली ते सर्व मान्यवर यांचे सेवेशी,

सा. न. वि. वि.

बारावीचे आणि पदवीचे निकाल जाहीर होऊन आठवडा उलटतो न उलटतो तोच आपल्या कार्यालयांतून गुणपत्रिकांच्या प्रती आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे मागविण्याचा जो हुकूम सुटतो, त्यामागील आपली विद्याभक्ती पाहून आम्हां चाळकऱ्यांचा ऊर दरवर्षी भरून येतो. भारतमाता चित्रपटगृहापासून चिंचपोकळीच्या पुलापर्यंत लागलेल्या फलकांवर आपली मुद्रा पुरुषभर उंच आणि गुणवंतांच्या मुद्रा टपालाच्या तिकिटाएवढ्या असतात, याबद्दल काही हेकट मंडळी नाक मुरडतात; परंतु परीक्षा देणारे हजारो असतात आणि शाल देणारा एखादाच, तेव्हा दुर्मिळास अधिक जागा मिळावी हा साधा न्याय त्यांना कोणी समजावून सांगावा?

गेल्या पावसाळ्यात अशाच एका समारंभास शेवटच्या रांगेत बसण्याचा योग आला. सहाच्या ठोक्याला व्हावयाचा आरंभ प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने पावणेआठास झाला. दीपप्रज्वलन झाले, प्रतिमापूजन झाले, आणि मग व्यासपीठावरील मान्यवरांनी व्यासपीठावरीलच मान्यवरांचा जो सत्कार आरंभिला तो इतका सांगोपांग पार पडला की, ज्यांच्या नावाने सभागृह घेतले होते त्या विद्यार्थ्यांस वेळेअभावी पाचापाचांच्या तुकड्या करून वर बोलवावे लागले. एका मुलीच्या हाती आलेल्या स्मृतिचिन्हावर भलत्याच मुलाचे नाव कोरलेले होते, तिने ती गोष्ट निवेदकाच्या नजरेस आणू पाहिली तेव्हा, "फोटो झाला ना? मग खाली जाऊन बदलून घ्या," असा व्यवहार्य सल्ला तिला मिळाला, आणि शिक्षणाचे महत्त्व या विषयावर व्याख्यान चालू असता जिन्याखाली चार-पाच गुणवंत परस्परांची स्मृतिचिन्हे ताडून बदलून घेत उभे राहिले. त्या पदवीधर कन्येच्या पिशवीत शाल, श्रीफळ आणि आश्रयदात्यांच्या छबीने मंडित अशा सहा वह्या होत्या. तिच्या पुढील शिक्षणाच्या शुल्काचा पहिला हप्ता मात्र त्याच आठवड्यात पतपेढीचे कर्ज काढून भरला गेला होता, असे शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या तिच्या वडिलांकडून कळले. पतपेढीने शाल दिली नव्हती, हे नमूद करणे प्राप्त आहे.

अशा समारंभांचा विद्यार्थ्यांस काहीच लाभ होत नाही, असे म्हणण्याइतका मी कृतघ्न नाही. दहा बाय बाराच्या खोलीत, पोटमाळ्यावर दिवा लावून अभ्यास केलेल्या मुलाचे नाव ध्वनिक्षेपकावरून साऱ्या वाडीने ऐकले, म्हणजे त्याच्या आईस जे वाटते त्याची किंमत करण्यास आपण आणि मी दोघेही अपात्र आहोत. अडचण इतकीच की, हे भाग्य टक्केवारीचा उंबरठा ओलांडून फारसे बाहेर येत नाही. दिवसा कुरियरची पाकिटे वाटून रात्री महाविद्यालयात बसणारा, राहिलेले दोन विषय पुन्हा देऊन द्वितीय श्रेणीत सुटणारा जो तरुण, त्याची गुणपत्रिका आपल्या कार्यालयात दाखल करून घेण्याची तजवीजच नाही. १९११ साली सोशल सर्व्हिस लीग स्थापन करणाऱ्या ना. म. जोशी यांच्या ठायी हा तारतम्यभाव कमीच असावा. त्यांच्या संस्थेने कामगारांकरिता रात्रशाळा आणि वाचनालये काढली, म्हणजे जो शिकू पाहतो त्याचा गौरव त्याने काही मिळविण्यापूर्वीच करून टाकला.

सत्कारापासून विद्यार्थ्याचे कल्याण होऊ शकते, याचा दाखला मात्र आपल्याच परळच्या दफ्तरी आहे. येथील चाळीत राहून शिकणारा भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा शाळेतील एक परीक्षा उत्तीर्ण झाला, तेव्हा समाजातील मंडळींनी अभिनंदनाची सभा भरविण्याचे योजिले; परंतु वडील रामजी सुभेदार यांनी, पोराने केवळ एक परीक्षा दिली आहे, सभेने तो शेफारेल, अशा आशयाचा साफ नकार दिला, आणि त्यांचे स्नेही कृष्णराव अर्जुन केळुसकर मध्ये पडले तेव्हाच ते राजी झाले. ही हकीकत खुद्द बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवली आहे. त्या सभेत केळुसकरांनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती ठेवले. १९५६ साली नागपुरास ज्याची परिणती बौद्ध धम्माच्या दीक्षेत झाली, त्या परिचयाचा आरंभ त्या एका पुस्तकाने झाला. शिवाय सभा उठल्यावर केळुसकर हात झटकून घरी गेले नाहीत. १९०७ च्या मॅट्रिकनंतर महाविद्यालयाचा खर्च घराला झेपेना, तेव्हा त्यांनीच सयाजीराव गायकवाड यांजकडे शब्द टाकला, दरमहा २५ रुपयांची विद्यावृत्ती मंजूर झाली, आणि १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या त्या विद्यार्थ्याने पदवी मिळविली.

तेव्हा एक नम्र सूचना. समारंभ बंद करू नयेत. फलकही सुखेनैव राहोत. शिरस्त्यात केवळ एक कलम घालावे की, ज्याने ज्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर शाल घातली त्याने त्याच्या वर्षभराच्या शुल्काची, पुस्तकांची, किंवा निदान परीक्षेच्या महिन्यात बसावयास एका शांत जागेची जबाबदारी आपल्या खाती लिहून घ्यावी, आणि पुढील वर्षी त्याच व्यासपीठावरून तिचा जमाखर्च वाचून दाखवावा. कलम मंजूर झाल्यास काही मुले निर्धास्तपणे शिकतील, आणि व्यासपीठावरील गर्दी इतकी ओसरेल की कार्यक्रम सहालाच सुरू होऊन प्रत्येकास एकेकट्याने वर बोलाविता येईल. नामंजूर झाल्यास विद्यार्थ्यांस पाचारण करण्याची तसदी तरी घेऊ नये. शाली, फलक आणि मान्यवर एवढ्या सरंजामावर समारंभ यथासांग पार पडतो, हे आपण सिद्ध केलेच आहे. त्या संध्याकाळी मुलांना अभ्यासास तीन तास मिळतील, आणि तो लाभ अहवालात आपल्याच नावे खुशाल नोंदवावा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला नम्र,
द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झालेला एक चाळकरी