तळघरातली ड्यूटी

अहो वहिनी, ही वांगी घ्या आधी. बामणोदची आहेत, भरिताला छान. आणि हो, परवा रात्री आमच्याकडे करवतीचा आवाज ऐकलात ना? सुतार नव्हता, आमचे हेच होते. जुन्या पलंगाची फळी कापत होते. कशाला, तेच सांगायला आले.

मुलाकडे सहा महिने होतो ना आम्ही, पिट्सबर्गजवळ. पहिले पंधरा दिवस ह्यांचं एकच पालुपद, "इथे करायचं काय?" मग एकदा मुलानं शेजारच्या दाढीवाल्याला सांगितलं, बाबा तीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते. झालं! त्या माणसानं हातातली पाण्याची नळी तिथेच टाकली आणि ह्यांना दंडाला धरून थेट तळघरात नेलं. मीही गेले मागोमाग, म्हटलं काय दाखवतोय बघू. तर कमरेएवढ्या उंचीवर भिंतीभिंतीनं रेल्वे. डोंगर, पूल, कोळशाचा धक्का, गावं. सगळं खऱ्याच्या 87व्या हिश्श्याचं, रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंद. एचओ म्हणतात त्या मापाला.

मला वाटलं, पुण्याला कोथरूडमध्ये जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, तसंच काहीतरी. आपण बघत उभं राहायचं आणि गाड्या फिरणार. पण इथे बघायला कोणी येतच नाही. महिन्यातून एका शनिवारी आठ-दहा म्हातारे जमतात आणि ड्यूटी करतात. हसू नका, ड्यूटीच! एक जण वरच्या खोलीत टेलिफोन घेऊन बसतो, तो कंट्रोलर. त्याला तळघर दिसत नाही. खालचे फोनवर विचारतात, पुढचा सेक्शन मोकळा आहे का? तो कागदावर बघून सांगतो. प्रत्येक गाडीला दोन माणसं, एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर. ह्यांना कंडक्टर केलं तर हे फुगले! "मी काय एसटीत तिकिटं फाडत होतो?" मुलानं समजावलं, तिकडे मालगाडीच्या गार्डालाच कंडक्टर म्हणतात, सगळे कागद त्याच्याकडे. तेव्हा कुठे कळी खुलली.

खरी गंमत त्या कागदांत आहे. प्रत्येक वाघिणीचं एक कार्ड. (तुम्ही डबा म्हणाल, पण ह्यांच्यासमोर मालगाडीच्या वाघिणीला डबा म्हणायची सोय नाही.) कार्डावर वाघिणीचा नंबर आणि जात, खाली खिसा. खिशात एक चिठ्ठी, वाघीण कुठे जायची, माल काय, कोणाचा. चिठ्ठीला चार बाजू. आज रिकामी वाघीण फर्निचरच्या कारखान्यात लावायची. पुढच्या वेळेला चिठ्ठी फिरवली की तीच भरून परगावी. मग तिसरी बाजू, मग चौथी. पुन्हा पहिली. म्हणजे वाघीण वर्षानुवर्षं हिंडते आणि प्रत्येक वेळी तिला जायला ठिकाण असतं. डग स्मिथ नावाच्या माणसानं 1961 मध्ये कार्ड आणि चिठ्ठीची युक्ती मासिकात छापली, अजून तीच चालते.

हे तर ती कार्डं बघून गहिवरले. आपल्याकडे वाघिणीच्या अंगावर लोखंडी चापात कागदी लेबल असायचं ना, कुठून कुठे लिहिलेलं? रावेर, सावद्याच्या केळ्यांचं लेबल म्हटलं की यार्डात धावपळ, माल नाशवंत. आता काय, एका मालाची अख्खी रेक, सगळी एकाच गावाला. एकेका वाघिणीला वेगळं नशीब राहिलंच नाही. हे माझं म्हणणं नाही हं, ह्यांचं.

"मग गाड्या येतात कुठून?" हेच मीही विचारलं. भिंतीमागे, डोंगराखाली लपवलेले रूळ असतात. तिथे गाड्या उभ्या. वेळ झाली की बाहेर यायचं, काम करायचं, दुसऱ्या टोकाला गडप. अगदी नाटकाची विंग! त्यांच्यात फ्रँक एलिसन म्हणून एक होऊन गेला, 1940च्या सुमारास. तो म्हणायचा की हे नाटकच आहे, गाड्या नट आणि वेळापत्रक हे कथानक. मग त्यांच्यातल्याच ॲलन मॅक्लेलंडनं ती विंग सगळ्यांना पटवली. आपलं तळघर म्हणजे मोठ्या रेल्वेचा मधला तुकडा, पलीकडे देश पसरलेला आहे असं धरायचं.

घड्याळ तर चौपट पळतं. तीन तासांत बारा तास. मी म्हटलं, हे कसलं सोंग? तर त्या मापात एक मैल म्हणजे जेमतेम साठ फूट. साध्या घड्याळानं दोन गावांतला प्रवास चहा निवायच्या आत संपायचा.

आता ऐका ह्यांचा पराक्रम. नेमकं असं झालं की कारखान्याच्या सायडिंगचं, म्हणजे आत शिरणाऱ्या फाट्याचं, तोंड गाडीच्या दिशेलाच. वाघीण इंजिनाच्या मागे. तसंच आत घुसलं तर इंजिन आधी आत जाऊन बसणार. अमेरिकन ड्रायव्हर डोकं खाजवत उभा. ह्यांनी वाघीण लूपजवळ सोडायला लावली, इंजिन लूपमधून, म्हणजे दोन्ही टोकांना जोडलेल्या बाजूच्या रुळावरून, फिरवून मागे आणलं आणि हळूच ढकलायला सांगितलं. आत आधीच एक वाघीण, अजून रिकामी न झालेली! ती बाहेर काढायची, नवी तिच्या जागी लावायची नाही, तिच्यामागे आतल्या टोकाला लावायची, आणि जुनी पुन्हा जिथल्या तिथे. कपलिंग सोडायला हातात काय, तर बांबूची बारीक काडी. दोन वाघिणींच्या मधे वरून टोक घालायचं, किंचित पिळायचं, की कपलिंग सुटतं. ह्यांचा हात चहाच्या कपाशी थरथरतो, तुम्हाला माहितीये. तिथे एकदाही थरथरला नाही हो. मी जवळ उभी राहून पाहिलं.

चूक नाही झाली असं नाही. चष्मा वर कपाळावर, आणि कार्डावरचा 3 ह्यांनी 8 वाचला. फळांची, बर्फाची वाघीण गेली कोळशाच्या व्यापाऱ्याकडे! आपल्याकडे चार्जशीटच आली असती. दाढीवाला हसला आणि वाघीण तिथेच ठेवली. म्हणाला, पुढच्या महिन्याच्या ड्यूटीला हिची सुटका करायची गाडी लावू. खऱ्या रेल्वेतही असं होतं, मग इथे का नाही?

आणि मी एकटीच मनात हसत होते. तीस वर्षं कॉलबॉय रात्री दोनला कडी वाजवायचा, वहीवर सही घ्यायचा, हे डबा घेऊन निघायचे. मी म्हणायचे, जाऊन बसायचं तर असतं ब्रेकव्हॅनमध्ये! कुठे काय लावायचं, काय काढायचं, हे डोक्यात घेऊन माणूस जातो हे मला त्या तळघरात कळलं. ह्यांना अर्थातच सांगितलेलं नाही.

तर ती फळी. ॲलन राइट नावाच्या इंग्रजानं एक खेळ काढलाय, इंगलनूक. तीन सायडिंग, एकीत पाच वाघिणी मावतील एवढी, बाकी दोन तीन-तीनच्या. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्यांतून पाच उचलायच्या आणि ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं गाडी जोडायची. चारेक फुटांत बसतं म्हणे. इंजिन मुलानं दिलंय, वाघिणीही आणल्यात. फक्त कार्डांना जाड कागद हवाय. तुमच्या बंटीच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या असतील ना? आठ पुरेत. आत्ताच द्या, नाहीतर हे मागायला स्वतः येतील आणि मग तुमचा स्वयंपाक काही वेळेवर होत नाही.