आकडा आधी सांगा

गेल्या महिन्यात एका मैफलीला मुद्दाम लवकर गेलो. कार्यक्रम सातचा, तबलावादक साडेपाचलाच हजर. आल्या आल्या त्याने सभागृहाचा एसी लावायला सांगितला. म्हणाला, "रात्री जेवढं गार असणार तेवढं आत्ताच करा. थंडाव्याने पुडीचा सूर हलतो." मग गजऱ्यावर हातोडीचे बारीक ठोके देत, एकेक घर तपासत, त्याने तबला काळी चारला मिळवला. पिशवीत अर्ध्या सुराने उतरलेला दुसरा तबला तयार होता. गायिकेचा घसा बसला आणि ऐनवेळी सूर खाली घ्यावा लागला तर अडायला नको म्हणून. तो लागला नाही, तरी लोकलच्या गर्दीतून तो आणला होता.

पुढे पाऊण तास विलंबित एकताल. एवढा वेळ तो फक्त ठेका देत होता. हात शिवशिवत असणार, पण गायिकेने मान हलवून जागा दिली तेव्हाच दोन आवर्तनं वाजवली आणि समेवर येऊन पुन्हा गप्प ठेक्यावर. उस्ताद अमीर खाँ झुमऱ्यात अतिविलंबित गायचे, तिथे त्या चौदा मात्रा न डगमगता धरणाऱ्याचं कसब असंच. मुंबईच्या सिनेसंगीतातले गोवेकर वादकही याच जातीचे. सेबॅस्टियन डिसोझा किंवा अँथनी गोन्साल्विस यांनी लिहिलेलं नोटेशन समोर यायचं, गायक आणि अख्खा वाद्यवृंद एकदमच ध्वनिमुद्रित व्हायचा. शेवटच्या ओळीत एक व्हायोलिन चुकलं तर सगळ्यांना पहिल्यापासून वाजवावं लागे. म्हणून ते चुकत नसत. रेकॉर्डवर त्यांचं नाव मात्र नसे.

अशा माणसाला मी व्यावसायिक म्हणतो. प्रसिद्धी, वेशभूषा, परदेश दौरे यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मन लागो न लागो, ठरल्या वेळी, ठरल्या सुरात, दुसऱ्याचं गाणं उभं करणं हे त्याचं काम, आणि त्यावर त्याचं घर चालतं. 'धंदेवाईक' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो, तो या माणसाबद्दल तरी वापरू नये.

आता आयोजकांबद्दल. मांडववाल्याकडून लेखी दर घेतला होता. ध्वनिवाल्याला आगाऊ रक्कम दिली होती. तबलावादकाला कार्यक्रम संपल्यावर, चपला घालता घालता, बंद पाकीट. वर "गोड मानून घ्या." त्याला बिदागीचा आकडा महिनाभर कुणी सांगितला नव्हता, आणि विचारला असता तर "कलाकार असून पैशाचं बोलतो" असं म्हणायला हीच मंडळी पुढे आली असती. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि ते आपल्या बऱ्याच मंडळांत चालतं. रक्कम फोनवरच सांगा, संदेशात लिहून पाठवा, त्याच रात्री द्या. परवडत नसेल तर तेही आधी सांगा, नाही म्हणायची संधी त्याला मिळू दे. आणि पत्रिकेत 'साथसंगत' असा नुसता शब्द छापू नका, माणसाचं नाव छापा.

तो त्या रात्री साडेअकराच्या लोकलने गेला, डग्ग्याची पिशवी मांडीवर घेऊन. सकाळी सातला त्याची शिकवणी होती. पुढच्या महिन्यात त्याच संस्थेचा वर्धापनदिन आहे, साथीला त्यालाच बोलावलंय. पत्रिका अजून छापायला गेलेली नाही.