शाकुंतल, पाने ३२

१९६७ साली अनंत पै यांनी ‘अमर चित्र कथा’ सुरू केली आणि अभिजात वाङ्मयाला अखेर शिस्त लागली. कालिदासाचे सात अंकी ‘शाकुंतल’ ३२ पानांत बसले. शूद्रकाच्या दहा अंकी ‘मृच्छकटिका’लाही तेवढीच पुरली. महाभारताने मात्र ४२ भाग खाल्ले. व्यासांना वेळेवर संपादक भेटला नाही, एवढेच.

गोदामांनी गिरवावा असा हा धडा आहे: माल कोणताही असो, खोका एकाच मापाचा.

आता चित्रकथेला ‘ग्राफिक नॉव्हेल’ असे भारदस्त नाव आल्यावर पुढची सुधारणा अडू नये. फुग्यांतले संवाद चित्रांची जागा अडवतात; ते काढावेत. मग चित्रेही. मुखपृष्ठ तेवढे ठेवावे, त्यावर किंमत असते.

पालकांची तक्रार येणार नाही. मूळ ग्रंथाचे त्यांनीही तेवढेच वाचले आहे.