बारावं पॅनेल

साकीनाक्याला थंडी येते ती वर्तमानपत्रातून. ‘मुंबई गारठली’ असं छापून आलं की आमच्या सोसायटीतले स्वेटर बाहेर पडतात आणि अंधेरी-कुर्ला रोडच्या ट्रॅफिकमध्ये घामाने भिजतात. त्यामुळे गच्चीवरच्या सोलरसाठी भरलेल्या सभेत इंजिनियर म्हणाला, “आधी थंडीचा हिशेब करू,” तेव्हा हा निफाडला जायचा तो चुकून इथे उतरला, अशीच सगळ्यांची समजूत झाली.

लिफ्ट-पंपाच्या विजेला सोलर लावलं तर सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये केंद्राचं अनुदान. सभा खुशीत होती. पॅनेल ५० व्होल्टचं, इन्व्हर्टरची मर्यादा ६०० व्होल्टची. “मग एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एका माळेत, १२ लावा,” सेक्रेटरी म्हणाले. “डझनावर घासाघीसही करता येईल.”

“ते ५० व्होल्ट २५ अंशांना,” इंजिनियर म्हणाला. पारा त्याखाली गेला की दर अंशाला व्होल्टेज साधारण ०.२७ टक्के चढतं. माणूस थंडीत आखडतो, पॅनेल चेकाळतं. १५ अंशांना बारा पॅनेलचे ६१६ व्होल्ट होतात. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ वर उतरला होता; तसा पुन्हा उतरला तर ६२९.

“१९६२ साली ही बिल्डिंगच नव्हती,” खजिनदार म्हणाले. मुद्दा बिनतोड होता.

“पण ऊन लागलं की पॅनेल तापणारच ना?” तळमजल्यावरचे काका.

तापतं, पण सावकाश. सकाळी काच गारच असते, कोवळ्या उन्हातही व्होल्टेज जवळजवळ पूर्ण येतं आणि इन्व्हर्टरने अजून वीज ओढायला सुरुवात केलेली नसते. घात तेव्हाच होतो. मेंटेनन्स थकला तर व्याज भरून सुटका होते. इन्व्हर्टर व्याज घेत नाही, सरळ जळतो.

“मग आठच लावा, कटकट नको,” काकू म्हणाल्या. तेही जपूनच. मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांवर तापलं की व्होल्टेज दहा टक्क्यांहून जास्त उतरतं. स्ट्रिंग फारच आखूड ठेवली तर इन्व्हर्टर कामावरच येत नाही.

७.४ अंशांना एका पॅनेलचे ५२.४ व्होल्ट होतात. ६०० ला ५२.४ ने भागल्यावर ११.४५ आले. “अर्धं पॅनेल मिळतं का?” खजिनदारांनी विचारलं. मिळत नाही, असं कळल्यावर ११ वर एकमत झालं.

इतिवृत्तात मात्र ‘साकीनाक्यात थंडी पडते, हे सभेने बहुमताने मान्य केले’ अशी नोंद आहे. विरोधातलं एकमेव मत खजिनदारांचं. १९६२ च्या गारठ्याची पावती दाखवल्याशिवाय ते सही करणार नाहीत.